संशोधक आणि शाळा एकत्र काम करतात तेव्हा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी सात वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि मग एका संशोधन गटात गेले, त्यामुळे दोन्हीकडच्यांचे फोन येतात. शिक्षक विचारतात ही मंडळी आमच्याकडे येऊन नक्की करतात काय, पीएचडीवाले विचारतात शाळेत शिरायचं कसं, आणि अधिकारी विचारतात रिपोर्ट कधी देणार. प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

भागीदारी भागीदारी म्हणता, म्हणजे सर्व्हेला येतात तेच ना?

नाही हो. सर्व्हेवाले येतात, पट विचारतात, टॉयलेटचा फोटो काढतात, फॉर्मवर हेडसरांची सही घेतात आणि जीपमध्ये बसून जातात, पुढे त्या माहितीचं काय झालं ते आपल्याला मरेपर्यंत कळत नाही. भागीदारीत तीन गोष्टी लागतात. प्रश्न दोघांनी मिळून ठरवायचा, काम दोनपाच वर्षं तरी चालवायचं, आणि उत्तर आधी शाळेला सांगायचं, जर्नलला नंतर. अमेरिकेत सिंथिया कोबर्न, विल्यम पेन्युएल आणि किंबर्ली गाइल यांनी 2013 साली याचे तीन प्रकार पाडले होते: एकाच शहराच्या शाळांचा डेटा वर्षानुवर्षं अभ्यासणारे, शिक्षकांसोबत बसून साहित्य आणि पद्धत तयार करणारे, आणि एकाच अडचणीवर बऱ्याच शाळांचं जाळं करून थोडे थोडे बदल करून बघणारे. प्रत्यक्षात सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं, त्यामुळे नावं विसरलात तरी चालेल.

आपल्याकडे असं काही झालंय का, की सगळं अमेरिकेतलंच?

झालंय, आणि जगभर ज्याचा दाखला देतात ते तर आपल्या मुंबईतलंच आहे. महापालिकेच्या शाळांतलं.

प्रथम ही संस्था 1994 मध्ये मुंबईत युनिसेफ आणि महापालिकेच्या साथीने सुरू झाली, माधव चव्हाण आणि फरीदा लांबे हे त्यातले सुरुवातीचे लोक. आधी वस्त्यांमधल्या बालवाड्या, मग लक्षात आलं की शाळेत नाव आहे, हजेरी आहे, पण तिसरी-चौथीतल्या कितीतरी पोरांना वाचता येत नाही. त्यातून बालसखी आली. वस्तीतलीच बारावी झालेली मुलगी, महिन्याला 500 ते 750 रुपये मानधन, तिने शाळेच्या वेळेतले दोनेक तास वर्गातली मागे राहिलेली 15-20 मुलं वेगळी बसवायची आणि त्यांच्याकडून नुसतं वाचन आणि साधं गणित करून घ्यायचं. खोली नसेल तर व्हरांड्यात, नाहीतर जिन्यात.

आता हे बरं काम आहे हे कुणीही म्हणेल, पण खरंच फरक पडतोय का? तो तपासायला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि लेह लिंडन हे अर्थशास्त्रज्ञ आले, 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात काम झालं. वडोदऱ्याचा सुरुवातीचा आकडा ऐका: तिसरीतल्या जेमतेम पाचातल्या एका मुलाला पहिलीच्या पातळीचं गणित जमत होतं. आपल्यातल्या ज्यांनी तिसरीला शिकवलंय त्यांना धक्का बसणार नाही, पण कागदावर आलं तेव्हा बऱ्याच जणांना बसला.

निकाल असा लागला की बालसखी असलेल्या वर्गांचे मार्क सरासरी 0.28 स्टँडर्ड डेव्हिएशनने (म्हणजे किती, ते खाली सांगते) वाढले आणि त्यातली बहुतेक वाढ अगदी तळातल्या मुलांची होती. याहून मजेशीर गोष्ट पुढची. ही मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्ग लहान झाला होता ना, मग तिथल्या मुलांना तरी फायदा व्हायला हवा होता की नाही? नाही झाला. म्हणजे फरक पोरांची संख्या कमी झाल्याने पडला नव्हता, त्यांच्या पातळीवरून शिकवलं म्हणून पडला होता. हे मला अजून सगळ्यात मोलाचं वाटतं कारण आपण सगळेच, मी पण, "पट कमी करा मग बघा" एवढंच म्हणत आलो.

प्रामाणिकपणे पुढचंही सांगते. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर मोजलं तेव्हा ती वाढ 0.10 च्या आसपास उतरली होती. हे त्यांनी लपवलं नाही, 2007 च्या त्या शोधनिबंधात सरळ लिहिलंय.

यात भागीदार तीन होते हे विसरू नका: व्यवस्था, म्हणजे महापालिका, रोज काम करणारी संस्था, आणि मोजणारे संशोधक. तिघांतलं कुणीही एक काढलं तर गोष्ट पुढे जात नाही. नुसत्या संशोधकाला बालसखी शोधता आली नसती आणि नुसत्या संस्थेला हे सिद्ध करता आलं नसतं.

याच्या कितीतरी आधीचंही आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून मुंबईत आहे आणि त्यांनी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या बाजूला खेड्यातल्या शाळांसोबत विज्ञान शिकवण्यावर काम केलं होतं. त्याबद्दल आपल्या जुन्या शिक्षकांकडून जास्त ऐकायला मिळतं, इंटरनेटवर कमी.

0.28 म्हणजे किती? जास्त की कमी?

शंभर मुलं मार्कांप्रमाणे रांगेत उभी करा, पहिला नंबर सगळ्यात मागे राहिलेल्याचा. बरोबर मधलं, म्हणजे पन्नासाव्या जागेवरचं मूल या वाढीने साधारण एकसष्टाव्या जागेवर जातं. 0.10 असेल तर चोपन्नाव्या. एवढं डोक्यात ठेवलं तरी अर्धे रिपोर्ट वाचता येतात. आणि कुणी "आमच्या अ‍ॅपने 40 टक्के सुधारणा" असं सांगत आलं तर विचारा की कशाच्या 40 टक्के, कुणाशी तुलना करून, आणि मोजलं कुणी. बहुतेकदा तिसऱ्या प्रश्नालाच गाडी थांबते.

एवढं सिद्ध झालं होतं तर मग सगळ्या शाळांत लगेच का नाही लावलं?

लावायचा प्रयत्न केला आणि तिथेच खरी गंमत सुरू झाली. माझ्या मते या विषयात शिकण्यासारखं जे आहे ते इथेच आहे, त्यामुळे जरा लांब लिहिते.

पहिलं, उत्तर प्रदेशातला जौनपूर जिल्हा, 2005-06. कल्पना अशी की गावाला सांगू तुमची मुलं वाचत नाहीत, तुमची ग्रामशिक्षण समिती आहे, तिला अधिकार आहेत, मग गाव शाळेला जाब विचारेल. सभा झाल्या, माहिती दिली, काही हललं नाही. पण ज्या गावांत स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचन वर्ग घेतले तिथे जी मुलं त्या वर्गाला आली ती वाचायला लागली. अडचण एवढीच की येणारी मुलं होती फार थोडी.

मग लोक म्हणाले स्वयंसेवक किती पुरणार, सरकारी शिक्षकांनाच घेऊ. बिहारमध्ये 2008 च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनी याच पद्धतीने शिबिरं घेतली, मुलं सुधारली. म्हणजे शिक्षकांना जमत नाही हा आरोप तिथेच खोटा पडला, हे मोठ्याने सांगते कारण सहसा कुणी सांगत नाही. पण तेच शिक्षक, तेच साहित्य आणि तेच प्रशिक्षण वर्ष सुरू झाल्यावर शाळेत दिलं तर परिणाम शून्य. का? कारण शाळा सुरू झाली की अभ्यासक्रम संपवायचा असतो, पाठ्यपुस्तक पुढे न्यायचं असतं, कुठल्या वर्गाला काय शिकवायचं ते वरून ठरलेलं असतं. शिबिरात हे काहीच नव्हतं. उत्तराखंडमध्ये तर स्वयंसेवकांना शाळेने नेहमीचे शिक्षक समजूनच वापरून टाकलं, एका वर्गाला उभं केलं आणि विषय संपला. आपल्याकडे काय वेगळं झालं असतं? शिक्षक कमी असलेल्या शाळेत कुणी मोकळा माणूस दिसला की त्याला पहिला तास मिळतोच.

मग हरियाणात 2012-13 मध्ये हेच सगळं नीट लक्षात घेऊन मांडलं. शाळेच्या वेळेत रोजचा एक तास यासाठी वेगळा काढून दिला, त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता विसरून पातळीप्रमाणे बसायची. आणि शाळांना भेटी देणारे जे अधिकारी असतात, आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांसारखे, त्यांनी आधी स्वतः 15-20 दिवस वर्ग घेतले. मुलांना समोर बसवून, खडू हातात घेऊन. त्यानंतरच ते शिक्षकांना सांगायला गेले. हिंदी वाचनात 0.15 ची वाढ झाली. लहान आहे, पण सरकारी शाळेत, सरकारी शिक्षकांनी, सरकारी वेळेत केलेली आहे.

त्यानंतर 2013-14 मध्ये उत्तर प्रदेशात, जिथे यंत्रणा फारच सैल होती, तिथे प्रथमच्या लोकांनी गावातल्या स्वयंसेवकांना घेऊन शाळेतच 10 किंवा 20 दिवसांची शिबिरं ठरावीक अंतराने घेतली, सगळे मिळून पन्नासेक दिवस. तिथे वाढ 0.7 च्या घरात गेली, म्हणजे वरच्या रांगेच्या हिशोबाने पन्नासावं मूल थेट शहात्तराव्या जागेवर.

म्हणजे बघा, एका चांगल्या कल्पनेला दहा-बारा वर्षं लागली आणि मधली कितीतरी वर्षं "चालत नाही" हेच उत्तर येत होतं. एखादा प्रकल्प मार्चमध्ये संपवून एप्रिलमध्ये यशोगाथा छापणाऱ्यांना हे परवडत नाही. 2019 साली बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा पेपरात बालसखीचं नाव आलं, बिहारच्या शून्याबद्दल कुणी लिहिलं नाही.

हरियाणात सीसीईचं पण काहीतरी तपासलं होतं म्हणे?

हो! सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, आपलं लाडकं. त्याच सुमारास तिथल्या सरकारी शाळांत ते पण तपासलं गेलं. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, नोंदी ठेवायला लावल्या, आणि मुलांच्या मार्कांवर परिणाम काय झाला? काहीच नाही. ज्यांनी वर्णनात्मक नोंदींच्या वह्या रात्री बारापर्यंत भरल्यात त्यांना मी हे सांगते तेव्हा आधी हसतात, मग गप्प होतात, मग विचारतात "हे आम्हाला तेव्हाच का नाही सांगितलं?" बरोबर प्रश्न आहे.

शिकागोचं नाव नेहमी येतं, तिथे काय केलं एवढं?

शिकागोत 1988 च्या कायद्याने शाळांचा कारभार बराचसा शाळापातळीवर दिला आणि मग प्रश्न आला की याने सुधारतंय का हे बघणार कोण. म्हणून 1990 मध्ये शिकागो विद्यापीठात अँथनी ब्राइक वगैरे मंडळींनी कन्सोर्टियम नावाचं संशोधन केंद्र काढलं. ते विद्यापीठात आहे, शिक्षण खात्याच्या हाताखाली नाही, पण त्याच्या सल्लागार मंडळात खातं, शिक्षक संघटना, शहरातले लोक सगळे असतात.

त्यांनी वर्षानुवर्षांचा डेटा लावून एक साधी गोष्ट शोधली. नववीच्या शेवटी मुलाचे पुरेसे क्रेडिट (विषय पार केल्याचे गुणांक) झालेत का आणि मुख्य विषयात एकापेक्षा जास्त सेमिस्टरला नापास नाही ना, एवढं पाहिलं तरी ते बारावी पार करणार की नाही याचा अंदाज येतो. या अर्थाने रुळावर असलेली मुलं वेळेत बारावी पार करण्याची शक्यता इतरांपेक्षा साडेतीन पटीहून जास्त निघाली, आणि हा निकष परीक्षेच्या मार्कांपेक्षा जास्त नेमकं सांगत होता. मग शाळांनी नववीच्या मुलांच्या याद्या दर काही आठवड्यांनी बघायला सुरुवात केली, कुणाची गैरहजेरी वाढली, कोण कशात घसरतंय, आणि लगेच कुणीतरी त्या पोराशी बोलायचं. 2007 मध्ये 57 टक्के मुलं रुळावर होती, 2013 मध्ये 82 टक्के.

मला यात आवडतं ते असं की आकडा शाळेच्या हातातला होता. घरची गरिबी शाळा बदलू शकत नाही, नोव्हेंबरमध्ये पोरगं यायचं बंद झालंय हे मात्र बघू शकते.

प्रश्न कोण ठरवतं? आम्हाला तर तयार प्रश्नावलीच हातात देतात.

इथेच बहुतेक भागीदाऱ्या बिघडतात, आणि माझीही एक बिघडली होती म्हणून सांगते. एका तालुक्यात आम्ही गणितातल्या भाषेवर सुंदर (असं आम्हालाच वाटणारं) टूल घेऊन गेलो. पहिल्याच बैठकीत एक बाई म्हणाल्या, "मॅडम, हे सगळं ठीक आहे, पण आमची निम्मी मुलं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मार्चमध्ये येतात, त्यांना कुठून सुरू करायचं ते सांगा." आमच्याकडे उत्तर नव्हतं आणि आमच्या फंडिंगमध्ये तो प्रश्न बसत नव्हता, म्हणून आम्ही आमचंच टूल रेटलं. दोन वर्षांनी निष्कर्ष आले ते कुणाच्याच कामाचे नव्हते. कारण? मधल्या चाचणीला निम्मी मुलंच नव्हती. त्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलेलं होतं.

याउलट बॉस्टनचं उदाहरण घ्या. तिथे सर्प नावाची संस्था संशोधकांना घेऊन शाळाखात्याकडे गेली आणि तुमची अडचण काय ते आधी विचारलं. शिक्षक म्हणाले सहावी ते आठवीची मुलं वाचतात पण धड्यातलं समजत नाही. शोधलं तर अडत होतं ते अवघड शास्त्रीय संज्ञांपाशी नाही, त्या पुस्तकात दिलेल्या असतात. अडत होतं ते विश्लेषण, गृहीत धरणे असल्या सगळ्या विषयांत येणाऱ्या आणि कुणीच न शिकवणाऱ्या शब्दांपाशी. मग हार्वर्डच्या कॅथरीन स्नो आणि त्यांच्या टीमने वर्ड जनरेशन नावाचा कार्यक्रम बनवला: आठवड्याला पाच शब्द, रोज पंधरा मिनिटं, आणि गणित, विज्ञान, समाजशास्त्र सगळ्यांच्या शिक्षकांनी वाटून घ्यायचे. भाषेच्या बाईंच्या एकटीच्या गळ्यात नाही.

आपल्या पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकातला कुठलाही एक परिच्छेद घ्या आणि "अनुक्रमे", "तुलनेने", "परिणामी" हे शब्द मुलांना विचारून बघा. मी बघितलंय.

मराठी वाचनावर असं काही काम आहे का?

आहे आणि चांगलं आहे. वाडा तालुक्यात, आता पालघर जिल्ह्यात, आणि कर्नाटकात यादगीरला मिळून लिरिल नावाचा प्रकल्प झाला. पहिली ते तिसरीच्या मुलांच्या मागे तीन वर्षं राहून त्यांनी पाहिलं की मूल मराठी किंवा कन्नड वाचायला शिकतं कसं. शैलजा मेनन आणि सहकारी, आणि वाड्याकडे क्वेस्ट ही तिथलीच संस्था, जी सोनाळ्याहून शिक्षकांसोबत काम करते.

त्यात निघालं ते आपण रोज बघतो पण कुणी असं मांडलं नव्हतं: वर्गातला बहुतेक वेळ अक्षरांवर जातो, तरीही मुलं मात्रा आणि जोडाक्षरांपाशी अडतात, अर्थावर बोलणं जवळजवळ नसतं, आणि लिहिणं म्हणजे फळ्यावरचं उतरवणं. त्यात वारली किंवा कातकरी घरातलं मूल, त्याची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी त्याला परकीच. तुम्ही पहिलीला शिकवत असाल तर बाकी सगळं सोडा, हे एवढं काम वाचाच.

आमच्या शाळेला कंट्रोल ग्रुपमध्ये, म्हणजे कार्यक्रम न मिळणाऱ्या गटात टाकलं. आमच्या मुलांवर अन्याय नाही का?

हा राग मला मान्य आहे. चिठ्ठ्या टाकून काही शाळांना द्यायचं आणि काहींना नाही हे ऐकायलाच विचित्र वाटतं. पण दोन गोष्टी. एक, पैसे किंवा माणसं सगळ्यांना पुरणार नसतील तर कुणाला तरी आधी मिळणारच, मग ते चिठ्ठीने ठरलं तर निदान वशिल्याने ठरत नाही. दोन, चिठ्ठी टाकायचे चांगले मार्गही असतात. बालसखीच्या वेळी अर्ध्या शाळांना तिसरीसाठी बालसखी दिली आणि अर्ध्यांना चौथीसाठी, मग एका शाळेतली तिसरी दुसऱ्या शाळेतल्या तिसरीशी ताडून बघितली. प्रत्येक शाळेला काहीतरी मिळालं, हेडसर खूश, संशोधक पण खूश. तुमच्याकडे कुणी आलं तर सरळ विचारा की असं करता येईल का, आणि नसेल तर आम्हाला पुढच्या वर्षी देणार का, आणि ते लेखी घ्या.

निकाल वाईट आला तर खातं तो दाबून टाकत नाही का?

दाबायची गरजच पडत नाही, दुर्लक्ष केलं की पुरतं. मध्य प्रदेशात शाळांची तपासणी, मग शाळा सुधार आराखडा, मग त्याचा पाठपुरावा असा कार्यक्रम होता. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी तो तपासला. आराखडे सुंदर बनले, फायली भरल्या, पण शिकवण्यात, हजेरीत, मुलांच्या शिकण्यात फरक नाही. आणि तरीही त्याच धर्तीचा कार्यक्रम पुढे देशभरातल्या 6 लाखांहून जास्त शाळांत गेला. कारण कागदावर तो यशस्वीच दिसत होता! वरचा अधिकारी आराखडा अपलोड झाला का एवढंच विचारतो आणि खालचा तेवढंच करतो, यात कुणी वाईट माणूस नाहीये, सगळे आपापलं काम करतायत.

शिकागोवाल्यांचा यावर एक नियम आहे: धक्का द्यायचा नाही. निष्कर्ष छापण्याआधी खात्याला दाखवायचे, त्यांना उत्तराची तयारी करायला वेळ द्यायचा, पण छापायचंच. करारात "प्रकाशनाला परवानगी लागेल" असं वाक्य दिसलं तर तिथे थांबा आणि "प्रकाशनाआधी इतके दिवस दाखवू" असं करून घ्या. एका वाक्याचा फरक आहे पण सगळं त्यावर अवलंबून असतं.

सरकार किंवा अधिकारी बदलला की सगळं संपतं, मग कशाला खपायचं?

संपतं हे खरं आहे. होशंगाबाद विज्ञान बघा. 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात 16 शाळांपासून सुरुवात झाली, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था, त्यांच्यासोबत दिल्ली विद्यापीठ, टीआयएफआर अशा ठिकाणचे शास्त्रज्ञ. मुलांनी प्रयोग करायचे, पुस्तकात उत्तरं नाहीत, परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायला परवानगी. 1978 मध्ये जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या सगळ्या शाळांत गेलं, 1982 मध्ये यासाठीच एकलव्य संस्था उभी राहिली. तीस वर्षं चाललं. आणि 2002 मध्ये राज्य सरकारने एका आदेशाने बंद केलं.

पण त्या तीस वर्षांत जे शिक्षक तयार झाले ते तयार झालेच, त्यांना कोण परत पाठांतराकडे नेणार. आपल्याकडचं सांगायचं तर सचिव बदलले की मोहिमेचं नाव बदलतं, प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र गेलं, निपुण आलं, पण केंद्रप्रमुख तोच असतो आणि शिक्षण परिषद दर महिन्याला होतेच. माझा अनुभव असा की भागीदारी मंत्रालयापेक्षा केंद्रात आणि डायटमध्ये (जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेत) जास्त खोल रुजते, तिथली माणसं लवकर बदलत नाहीत आणि त्यांना कुठली शाळा नदीपलीकडे आहे हे पाठ असतं.

कृतिसंशोधन आम्ही करतोच की, ते आणि हे एकच?

चुलत भावंडं. कृतिसंशोधनात शिक्षक स्वतःच्या वर्गातली अडचण स्वतः सोडवतो, भागीदारीत अनेक शाळांची एक अडचण बाहेरचे आणि आतले मिळून सोडवतात. आता बीएडला झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतं ते कृतिसंशोधन धरायचं का, ते तुम्हीच ठरवा.

मी पीएचडी करतेय, शाळेत जायला परवानगी कुणाची घ्यायची?

जि.प. शाळा असेल तर शिक्षणाधिकारी प्राथमिक यांचं पत्र, ते गटशिक्षणाधिकाऱ्यांना, मग केंद्रप्रमुखांना, मग हेडसर किंवा मॅडम. महापालिका असेल तर तिथला शिक्षण विभाग, बरेच जिल्हे असतील तर पुण्याला एससीईआरटी, म्हणजे राज्याची शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद. पण पत्र घेऊन शाळेत गेलात म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, दार उघडलं एवढंच. पहिले दोन दिवस काही विचारू नका, परिपाठाला उभ्या राहा, खिचडीच्या रांगेत मदत करा. आणि तारखा ठरवताना चाचणी, नवोदयची परीक्षा, निवडणुकीची ड्युटी आणि गावची जत्रा, हे सगळं आधी विचारा. जत्रा सगळ्यात महत्त्वाची.

मुलांची माहिती देताना आम्ही अडकणार नाही ना?

नावं, आधार नंबर, जात, मोबाईल नंबर अशी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवू नका, मग तो कितीही मोठ्या विद्यापीठातला असो. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचे सगळे मूल धरलेत आणि पालकांच्या संमतीचा मुद्दा येतो. चांगला संशोधक स्वतःच म्हणेल की मला नाव नको, कोड द्या, आणि पालकांसाठी मराठीत साध्या भाषेतलं संमतीपत्र आणेल. ते पालकसभेत वाचून दाखवा, नुसती सही किंवा अंगठा घेऊ नका. मुलाने नाही म्हटलं तर नाही, तिथे सरांचा डोळा वटारणं चालत नाही.

आम्हाला यातून काय मिळतं? काम तर वाढतंच.

वाढतं, कुणी नाही म्हणत असेल तर खोटं बोलतोय. म्हणून सुरुवातीलाच सांगा की एक काम वाढवायचं तर एक काढा. हरियाणात तो तास वेगळा काढून दिला म्हणूनच काहीतरी झालं, बिहारमध्ये शाळेच्या वर्षात असलेल्या कामावर अजून एक चढवलं आणि शून्य आलं. दुसरं, चाचणी झाली की महिन्याभरात तुमच्या वर्गाचा निकाल तुमच्या हातात हवा: कोण अक्षरावर, कोण शब्दावर, कोण परिच्छेदावर. दोन वर्षांनी इंग्रजीतली पीडीएफ आली तर ती तुमच्या काय कामाची.

तुमच्या रिसर्च पेपरात आमच्या शाळेचं नाव येईल का?

सहसा नाही, शाळेची ओळख लपवायची असते, त्यामुळे तुम्ही "शाळा क्रमांक 14" होता. हे आधीच सांगून ठेवते कारण एका हेडमॅडमना मी ते सगळं झाल्यावर सांगितलं आणि त्या फारच खट्टू झाल्या, त्यांनी गावात पेढे वाटायची तयारी केली होती. शेवटी आम्ही संस्थेच्या लेटरहेडवर शाळेच्या नावाने आभाराचं पत्र दिलं, त्यात निकाल काही नाही, फक्त सहभाग. ते त्यांनी लॅमिनेट करून ऑफिसात टांगलंय आणि तपासणीला कुणी आलं की आधी तेच दाखवतात.